नणंदेचा हिस्सा

नणंद येणार म्हटल्यावर भावजयीनं घर सारवायला काढावं, डाळ भिजत घालावी, ही जगाची रीत. जनकाबाईनं प्रियदर्शनीचा फोन ठेवला आणि आधी ओट्यावर येऊन शेताकडं बघून घेतलं. तूर फुलावर होती, विहीर जागच्या जागी होती, बांध होता तिथंच होता. तरी तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

"काय म्हणली आत्या?" पोरानं, प्रेमानंदनं विचारलं.

"येऊन राहिली. थोडे दिवस राहीन म्हणती."

"मग चांगलंच हाय की."

"चांगलंच हाय," जनकाबाई म्हणाली. ते ज्या सुरात म्हणाली तो ऐकून आत भांडी घासणारी सून, सपना, हात थांबवून कान देऊन बसली.

आता प्रियदर्शनी म्हणजे कुणी साधीसुधी बाई नव्हे. सेनगाव तालुक्यातल्या या गावातून पोरी सातवीच्या पुढं जात नव्हत्या तेव्हा ती औरंगाबादच्या वसतिगृहात राहून राज्यशास्त्र शिकली. त्यात डॉक्टरेट केली, परराष्ट्र सेवेची परीक्षा पास झाली, आणि मग थंड देशात, उन्हाच्या देशात, लढाया चाललेल्या देशात फिरत फिरत शेवटी राजदूत झाली. निवृत्त होऊन दिल्लीला विद्यापीठात शिकवत होती. लग्न तिनं केलं नव्हतं. पेपरात तिचा फोटो आला की वस्तीतली पोरं तो विहाराच्या भिंतीला चिकटवत, आणि पाहुणारावळा आला की त्याला हाताला धरून दाखवायला नेत.

पण ती नेमकं काय काम करते हे गावात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. जनकाबाईनं फार वर्षांपूर्वी एकदा शेंगा फोडता फोडता तिला सरळ विचारलं होतं.

"वहिनी, दोन घरांचं बांधावरून भांडण असतं ना, तसंच," प्रियदर्शनी म्हणाली होती. "फक्त घरांच्या जागी देश. मी दोन्हीकडं जाते, चहा पिते, ऐकून घेते. कुणी नाक कापून घेऊन उठू नये एवढं बघते. अन् शेवटची सही होईस्तोवर तोंड उघडत न्हाई."

"आपल्या मानसांपाशी बी न्हाई?"

"त्यांच्यापाशी तर बिलकुल न्हाई."

तेव्हा जनकाबाई हसली होती. पण बोलणं तिनं पदराला गाठ मारून ठेवावं तसं ठेवलं होतं. जिला सरकार गप्प बसायचा पगार देतं, तिच्या गोड बोलण्यात खरं किती आणि खोटं किती, हे कुणी कसं ओळखायचं?

या संशयाचं मूळ सातबाऱ्यात होतं. सासरे पुंजाजी वारले तेव्हा त्यांच्या सहा एकरांवर दोन नावं लागली, मुलगा बुद्धभूषण, म्हणजे जनकाबाईचा नवरा, आणि मुलगी प्रियदर्शनी. गावात अशा वेळी बहिणी येतात, तलाठ्यापुढं हक्कसोड करतात, माहेरचं लुगडं घेतात आणि डोळे पुसत जीपमध्ये बसतात. प्रियदर्शनीनं ते केलं नाही. बुद्धभूषणनं एकदा भीतभीत विषय काढला तर ती फोनवर म्हणाली, "राहू दे की दादा. तिथं नाव आहे तर मी कुठली आहे ते मला आठवत राहतं." बुद्धभूषण भोळा माणूस, त्याचा गळाच दाटून आला. जनकाबाईचा काही दाटला नाही. लेकरू नाही, बाळ नाही, दिल्लीत घर आहे, मग या बाईला आठवण ठेवायला जमीनच कशाला लागते, हा तिचा साधा सवाल होता. तो तिनं तीसेक वर्षं मनात जपला होता.

आणि आता बुद्धभूषण राहिला नव्हता.

तो मागच्या भादव्यात गेला. वस्तीतून मसणवटीकडं जाणारी वाट बांधाशेजारच्या किसनरावच्या शेतातून होती. बापजाद्यांपासूनची, पण कागदावर कुठं नव्हती. वस्तीतल्या पोरांनी त्या वाटेवर खडी टाका म्हणून तहसिलात अर्ज केला. किसनरावला वाटलं, मला न विचारता माझ्या रानात सरकार घुसवतात. त्यानं वाट नांगरून टाकली आणि काटेरी तार ओढली. मग तक्रारी, तारखा. दरम्यान मेलेली माणसं नाल्यातून न्यावी लागली. बुद्धभूषणच्या वेळी नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. मधोमध प्रेमानंदचा पाय सरकला आणि तिरडी एका अंगानं पाण्यात गेली. पांढरं कापड भिजून अंगाला चिकटलं. जनकाबाईनं ते काठावरून पाहिलं. त्यानंतर किसनरावचं नाव निघालं की तिला घास गिळवत नसे.

प्रियदर्शनी दुसऱ्या दिवशी पोचली, तेही विमानं बदलत बदलत. प्रेमानंदनं रडत रडत सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "पाणी किती होतं?" जनकाबाईच्या अंगावर काटा आला. सख्खा भाऊ गेला आणि ही बाई पाण्याची खोली विचारते. माणूस आहे का मोजणीवाला, असं तिला वाटलं, आणि ते ती विसरली नाही.

तर अशी ही नणंद दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरली. थोड्या दिवसांसाठी दोन बॅगा लागत नाहीत, हे जनकाबाईनं पहिल्या घटकेलाच टिपलं.

सकाळी प्रियदर्शनी पांढरे बूट घालून बांधावरून फिरायला जायची. फिरणं ठीक आहे, शहरातल्या बायकांना ते लागतं. पण ही थांबायची, मोबाइलवर फोटो काढायची, वाकून दगड बघायची. एकदा तिनं प्रेमानंदला विचारलं, "आपली शेवटची खूण कुठं हाय रे? बाभळीपाशी का तिच्या पुढं?" प्रेमानंद खुळा, त्यानं हौसेनं दाखवली.

तिच्या बोलण्याचीही जनकाबाईला धास्ती वाटायची. घरात ती त्यांच्यासारखीच बोले, न्हाई आणि व्हय. तलाठी आला की भाषा शुद्ध. फोनवर हिंदी, नाहीतर इंग्रजी. समोर जसा माणूस तसा तिचा सूर. असा सूर बदलणारा माणूस जनकाबाईनं आजवर एकच पाहिला होता, तो जवळा बाजार गावच्या गुरांच्या बाजारातला बैलांचा दलाल होता.

मग एके दिवशी जनकाबाई गिरणीत दळण टाकायला गेली तर तिथं किसनरावची बायको सखुबाई बसलेली. दोघींचं बोलणं वाट नांगरल्यापासून बंद होतं. पण सखुबाईच्या पोटात काही राहत नसे.

"जनका, तुझी नणंद लई गोड हाय बघ," ती म्हणाली. "काल आमच्याकडं जेवली. शेंगदाण्याची चटणी मागून घेतली."

"कोण जेवलं?"

"प्रियदर्शनी. त्याच्या आधी बी आल्ती चहाला. आमच्या मालकासंगं घंटाभर बोलत बसती. इतकी मोठी बाई, पण गर्व न्हाई."

जनकाबाईचं दळण तिथंच राहिलं. ती रिकाम्या हातानं घरी आली. ज्या घरानं तिच्या धन्याला पाण्यात घातलं, त्या घरी त्याची सख्खी बहीण बसून चटणी मागून खाते. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठं मुरतंय याचा तिला अंदाज येऊ लागला होता.

संध्याकाळी तिनं भाकरी थापता थापता विषय काढला. "किसनरावकडं गेल्ता म्हणं, ताई."

"व्हय."

"काय बोलनं झालं?"

"इकडचं तिकडचं. त्यांची विहीर कोरडी पडली म्हणत होते."

एवढंच. चेहऱ्यावर काही नाही. जनकाबाईनं भाकरी तव्यावर अशी टाकली की पीठ उडालं.

चार दिवस गेले असतील नसतील, प्रियदर्शनी स्वतःहून चुलीपाशी येऊन बसली. "वहिनी, मला माझा हिस्सा येगळा करून पायजे."

हाच शब्द जनकाबाई तीस वर्षं ऐकायचं टाळत आली होती. आणि गंमत अशी की तो कानावर पडला तेव्हा तिला एका परीनं सुटल्यासारखं वाटलं. आपण वेड्या नव्हतो, एवढं तरी ठरलं.

"कुठला?" तिनं विचारलं.

"नाल्याकाठचा दीड एकर. किसनरावच्या बांधाला लागून हाय तो. बाकी काही नको."

बाकी काही नको म्हणे. सहा एकरांत तोच तुकडा काळाभोर होता. बाकीचं रान मुरमाड. नाल्याकाठी कुठंही खणा, पाणी लागेल, असं पुंजाजी म्हणायचे. किसनरावच्या बापाची नजर होती त्यावर, किसनरावचीही होती. ताटातली भाकर उचलायची आणि रिकामं ताट तुम्हीच ठेवा म्हणायचं, अशातली गत.

"काहून पायजे?"

"आत्ता सांगता येत न्हाई, वहिनी."

"मी परकी हाय का?"

प्रियदर्शनीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "परकं कुणी न्हाई," ती म्हणाली. "पन आत्ता सांगता येत न्हाई."

जनकाबाईनं सही करणार नाही म्हणून सांगितलं. दोन दिवस ती जेवली नाही. शेवटी प्रेमानंद म्हणाला, "आई, आत्यानं कायद्यानं निम्मी मागितली असती तर विहीर बी गेली असती. ती दीड एकरावर ऐकून राहिली, तर देऊन टाक." पोराचं हे शहाणपण तिला झोंबलं, पण खोटं म्हणता येईना. सेनगावच्या कचेरीत तिनं सही केली तेव्हा पेन इतका दाबला की कागद फाटायचाच राहिला. बाहेर येऊन प्रियदर्शनीनं तिच्यासाठी उसाचा रस मागवला. तिनं तो गाडीवाल्याच्या बादलीत ओतला.

आता फक्त एक गोष्ट कळायची बाकी होती, आणि ती पुढच्या आठवडी बाजारात कळली. प्रेमानंद सोयाबीन घालायला गेला होता, तो पडलेल्या चेहऱ्यानं परतला. किसनराव चहाच्या हॉटेलात चारचौघांत सांगत होता, की पुंजाजीची काळी जमीन आता माझ्या घरात येऊन राहिली. बापाला जमलं न्हाई ते म्या केलं. राजदूत बाईनं स्वतः कबूल केलंय. तूर निघाली की ताबा.

"आत्याला इचारलं?" सपनानं भीतभीत म्हटलं.

"इचारलं. ती म्हणली, व्हय."

"अन् काहून, ते?"

"ते सांगत न्हाई."

जनकाबाईनं सूप ओढलं आणि डाळ पाखडायला घेतली. घरातल्यांना त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. विहारात वंदनेला सगळी वस्ती जमली. म्हातारे, लेकरं, हिंगोलीहून आलेले दोन शिक्षक. प्रियदर्शनी पांढरी साडी नेसून पुढं बसली होती, भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोच्या बरोबर खाली. वंदना संपली, लोक उठायला लागले आणि जनकाबाई उभी राहिली.

"बसा जरा," ती म्हणाली. "तुमच्या राजदूत बाईचं काम तुमाला म्हाईत न्हाई ना? मी सांगते."

कुणीतरी मावशी मावशी म्हणत तिला धरायला आलं. तिनं हात झटकला.

"ज्यानं वाट नांगरली, ज्याच्या पायी माझ्या मालकाची तिरडी पाण्यात पडली, त्याच्या घरात ही जेवती. अन् आता त्यालाच भावाची जमीन देऊन राहिली. देशादेशांत हिनं काय इकलं ते मला म्हाईत न्हाई. पन इथं हिनं मेलेला भाऊ इकला."

प्रियदर्शनी उठली. तिचे हात जोडलेले होते तसेच राहिले होते. "वहिनी, घरी बोलू," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"घरी? कुनाच्या घरी?"

त्यावर प्रियदर्शनीचा चेहरा हलला. क्षणभरच. मग तिनं मान खाली घातली आणि लोकांतून वाट काढत बाहेर गेली. त्या दिवसापासून ती विहाराच्या मागच्या खोलीत राहायला लागली. तिच्या दोन बॅगा सपनानं नेऊन दिल्या, सोबत डबाही दिला. जनकाबाईनं डबा जाताना पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. भिंतीवरचा फोटो कुणीतरी काढून टाकला. वस्तीतली माणसं प्रियदर्शनी दिसली की दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागली, आणि हे सगळं दिवस मावळायच्या आत किसनरावच्या ओट्यावर जाऊन पोचलं.

पुढं तूर निघाली. प्रेमानंदनं काळ्या तुकड्यातलं शेवटचं पीक कापलं. अदलाबदलीचा कागद झाल्याचं कानावर आलं. जनकाबाईला तो 'अदलाबदल' शब्द ऐकूनही काही उमगलं नाही. तिला वाटलं, विकण्याचंच हे कचेरीतलं गोड नाव असेल.

आणि मग ग्रामसभेत किसनराव उभा राहिला. डोक्याला कोरा फेटा, खिशाला पेन. त्यानं घसा साफ केला आणि सांगितलं, की मसणवटीला जायला वस्तीची फार तकलीफ होते, ती आपल्याला बघवत नाही. म्हणून आपण आपल्या रानातून, बांधाच्या कडेनं, बैलगाडी जाईल एवढा रस्ता ग्रामपंचायतीला कायमचा लिहून देत आहोत. कोणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्या मनानं. रस्त्याला आपल्या वडलांच्या नावाची पाटी लागेल, एवढीच इच्छा.

लोक आधी गांगरले. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी पुढं होऊन किसनरावला हार घातला. शेवटच्या खुर्चीवर प्रियदर्शनी बसली होती. तिच्याकडं कुणी बघतही नव्हतं. ती मात्र बाकीच्यांसारखीच टाळ्या वाजवत होती.

जनकाबाई तिच्याकडंच बघत होती. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या संशयाच्या आत आणखी एक संशय दिसायला लागला.

मोजणीवाला आला त्या दिवशी ती रानात गेली. काटेरी तार गुंडाळून बाजूला पडली होती. बांधाच्या कडेनं नवे दगड रोवत होते, एका सरळ रेषेत, थेट मसणवटीच्या लिंबापर्यंत. नाला डाव्या हाताला राहत होता. कुणाचा पाय आता पाण्यात पडणार नव्हता.

किसनराव काम बघत उभा होता. तिला पाहून तो जरा अवघडला, पण जिंकलेला माणूस बोलल्याशिवाय राहत नाही.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" तो म्हणाला.

"तुमी आपल्या मनानं दिला म्हणून राहिले."

"ते सभेपुरतं." किसनरावनं आवाज खाली आणला. "दीड एकर काळीच्या बदल्यात ही पट्टी. अन् बापाचं नाव. आमच्या लोकांत मान राहिला, तुमच्या लोकांत बी. पन खरं सांगू, जनकाबाई, मला इस्वास नव्हता. म्हणलं, ही राजदूत बाई. हिचा काहीतरी डाव असंल. तुमी सगळे मिळून मला खेळवून राहिले असाल. बाजारात बोललो खरा, पन सही करायला मन धजत नव्हतं. मंग तुमी विहारात तिला बोलल्या, घराबाहेर काढली, तवा म्हणलं, न्हाई, सौदा खरा हाय. असं कुनी खोटं भांडत न्हाई. दुसऱ्याच दिवशी मी व्हय म्हणलो."

जनकाबाईला तिथंच बांधावर बसावंसं वाटलं. पण किसनरावपुढं बसायचं नाही म्हणून ती उभी राहिली, आणि मग विहाराच्या मागच्या खोलीकडं चालू लागली.

प्रियदर्शनी बॅग भरत होती. पांढरे बूट पिशवीत घातलेले होते. जनकाबाई दारातच थांबली.

"मी तसं बोलनार हे तुमाला म्हाईत होतं?"

प्रियदर्शनीनं साडीची घडी पूर्ण केली. "वाटलं होतं," ती म्हणाली.

"अन् त्याच्यावर भिस्त ठेवली."

"व्हय."

"मला सांगितलं असतं तर?"

"तर तुमी बोलल्या नसत्या. अन् बोलल्या असत्या तरी ते नाटक हाय हे किसनरावला कळलं असतं. त्याला तुमचा राग बघायचा होता, वहिनी. मी त्याच्या घरी इतक्यांदा बसले, त्याला माझ्यावर इस्वास नव्हताच. तुमच्यावर होता."

जनकाबाईला संताप आला. ही बाई लबाड आहे असं ती तीस वर्षं म्हणत होती आणि ते खरंच निघालं होतं. पण जशी लबाड म्हणून धरली होती तशी ती नव्हती, आणि ज्या ठिकाणी लबाडी केली तिथं तिला धरायचं कसं हे कळत नव्हतं.

"रस्ता साऱ्या वस्तीचा," ती शेवटी म्हणाली. "जमीन माझ्या घरातली. पाटी त्याच्या बापाची. अन् शिव्या माझ्या तोंडून. लई हुशारीचं काम केलं, ताई."

"पाटीचं मीच सुचवलं. पाटीवाचून तो तयार होत नव्हता." प्रियदर्शनी खाटेवर टेकली. "दीड एकर माझ्या वाट्याचा गेला. उरलेल्या रानावर अजून माझं नाव लागून हाय, ते बी उद्या काढते. प्रेमानंदला घेऊन सेनगावला जायचं हाय. विहिरीसकट सगळं त्याचं. तुमाला आता माझी भीती नको."

म्हणजे तिचं नाव सातबाऱ्यावरून जाणार होतं. जनकाबाईनं हेच तर मागितलं होतं, मनातल्या मनात, दर वर्षी. आता ते मिळालं तर हातात काय आलं हे तिला कळेना. गावात या बाईचं काही उरलं नव्हतं. राहायला खोलीसुद्धा विहाराची होती.

"मला इचारलं असतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, "तर मी त्याच्यासाठी सारी सहा एकर देली असती. माझा मालक होता तो. तुमी सगळ्या जगाला इचारलं. किसनरावला इचारलं. मला न्हाई इचारलं."

देशोदेशीच्या माणसांना जिनं जागच्या जागी उत्तरं दिली, ती प्रियदर्शनी खाटेची कड धरून नुसती बसून राहिली.

मग जनकाबाई म्हणाली, "चला."

"कुठं?"

"तुमी अजून गेल्या न्हाईत तिकडं. रस्ता झालाय."

दोघी निघाल्या. नव्या दगडांच्या मधून, उकरलेल्या मातीतून. जनकाबाई पुढं, प्रियदर्शनी मागं. मोजणीवाली माणसं जेवायला बसली होती. लिंबापाशी बुद्धभूषणची जागा होती, तिथं गवत वाळून पिवळं पडलं होतं. प्रियदर्शनी थांबली. तिनं वळून नाल्याकडं पाहिलं. पाणी आता पार आटलं होतं, तळाला नुसता ओलसर चिखल राहिला होता.

"दादाला थंड पाणी सोसायचं न्हाई," ती म्हणाली. "लहानपणी आंघोळीला रडायचा. आई मला आधी पाण्यात हात घालून बघायला लावायची." ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली, तोंडावर हात न घेता, लहान पोरीसारखी.

जनकाबाई तिच्याजवळ बसली. आणि त्या घटकेलासुद्धा तिनं तो चेहरा नीट निरखून पाहिला, डोळ्यांतलं पाणी खरं की कामापुरतं ते बघायला. तिला ते ठरवता आलं नाही. आता पुढं कधी ठरवता येईल असंही तिला वाटलं नाही. तिनं पदर पुढं केला आणि नणंदेचे डोळे पुसले.